शस्त्राने मिळाले, न्यायाने टिकले : प्रोता मातेया नेनादोविच

(व्याख्यानाचे शब्दांकन)



राष्ट्रांच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास बहुधा रणांगणाच्या वाटेने सांगितला जातो. कोणता गड कधी सर झाला, कोणत्या सेनापतीने शत्रूची कोंडी कशी केली, कोठे तह झाला आणि कोठे तो मोडला, याची उजळणी होते. परंतु निशाण बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या शेतकऱ्याचे बैल चोरीला गेले तर त्याने दाद कोठे मागायची, विजयी सैनिकानेच अत्याचार केला तर त्याला जाब कोणी विचारायचा, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच येतात. वास्तविक नव्या राज्याची खरी कसोटी येथेच लागते. युरोपच्या आग्नेय टोकाला असलेल्या सर्बिया या लहानशा देशात १८०४ साली हे प्रश्न एका सत्तावीस वर्षांच्या धर्मगुरूपुढे उभे राहिले. त्याचे नाव मातेया नेनादोविच. ‘प्रोता’ ही त्याची धर्मपीठातील पदवी, म्हणजे परिसरातील पुरोहितांचा प्रमुख. याच पदवीने सर्बियन जनता आजही त्याला ओळखते. योद्धा, दूत, न्यायव्यवस्थेचा पाया घालणारा आणि देशाच्या पहिल्या शासन परिषदेचा पहिला अध्यक्ष असे अनेकपदरी आयुष्य त्याला लाभले.

पाशाचा मुलूख आणि चार बंडखोर

त्या काळच्या सर्बियाची स्थिती प्रथम समजून घेतली पाहिजे. पंधराव्या शतकात हा प्रदेश ऑटोमन साम्राज्यात गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेलग्रेड येथे सुलतानाचा पाशा राही. त्याच्या हाताखालील मुलूख ‘नाहिया’ नावाच्या बारा परगण्यांत विभागलेला होता. परगण्याच्या ठाण्यावर काझी न्यायदान करी. गावांच्या समूहावर ‘क्नेझ’ नावाचे स्थानिक सर्ब पुढारी असत. आपल्याकडील देशमुखांसारखे त्यांचे काम. सारा गोळा करणे, गावकऱ्यांची बाजू सरकारदरबारी मांडणे आणि आपसांतील लहानसहान तंटे मिटवणे ही कर्तव्ये त्यांच्याकडे होती. वाल्येवो परगण्यातील ब्रांकोविना गावचा आलेक्सा नेनादोविच हा असाच एक वजनदार क्नेझ. १७७७ साली त्याच्या घरी मातेयाचा जन्म झाला.

१७८८ मध्ये ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा हजारो सर्ब ऑस्ट्रियाच्या झेंड्याखाली लढले. आलेक्सा त्यांत होता. पण १७९१ मध्ये स्विश्तोव येथे सम्राटाने सुलतानाशी तह केला, जिंकलेला मुलूख परत दिला आणि सर्बांना त्यांच्या नशिबावर सोडून दिले. परक्या सत्तेच्या आधाराने मिळालेले स्वातंत्र्य तिच्या सोयीपुरतेच असते, हा धडा नेनादोविच घराण्याने तेव्हाच घेतला. मातेयाला हा धडा पुढे स्वतःच्या आयुष्यात आणखी दोनदा गिरवावा लागला.

या तहानंतर सुलतान तिसरा सेलीम याने शहाणपणाचे धोरण स्वीकारले. १७९३ ते १७९६ या काळात त्याने काढलेल्या फर्मानांनी सर्बांना बराच स्थानिक कारभार मिळाला. सारा गोळा करण्याचे काम क्नेझांकडे आले, चर्च बांधण्यास मोकळीक मिळाली. बेलग्रेडचा पाशा हाजी मुस्तफा तर इतका न्यायी निघाला की, लोक त्याला ‘सर्बांची आई’ म्हणू लागले. ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. सर्बांची मूळ तक्रार अन्यायाविरुद्ध होती. न्यायाने वागणाऱ्या सुलतानाच्या अधिकाऱ्याशी त्यांनी सहकार्यच केले.

पण सुलतानाचेच जानिसारी सैनिक बेलगाम झाले होते. १८०१ च्या अखेरीस त्यांनी हाजी मुस्तफाचा खून केला. ‘दाहिये’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या चार म्होरक्यांनी मुलूख आपसांत वाटून घेतला. फर्मानांना आता कोणी विचारीना. काझीच्या न्यायासनालाही अर्थ उरला नाही.

कोलुबारेच्या काठी

या जुलमाविरुद्ध क्नेझांनी गुप्तपणे हालचाली सुरू केल्या. सीमेपलीकडील ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला आलेक्साने लिहिलेले एक पत्र दाहियांच्या हाती लागले. त्यानंतर दाहियांनी देशभरातील प्रमुख क्नेझांना एकाच वेळी संपवण्याचा बेत आखला. सर्बियाच्या इतिहासात ही घटना ‘क्नेझांची कत्तल’ या नावाने नोंदली गेली आहे. ४ फेब्रुवारी १८०४ रोजी वाल्येवो येथे कोलुबारा नदीच्या काठी आलेक्सा नेनादोविच आणि त्याचा सहकारी इलिया बिर्चानिन यांचा शिरच्छेद करण्यात आला. चार दाहियांपैकी एक असलेला मेहमद आगा फोचिच तेथे जातीने हजर होता. ते पकडलेले पत्र हाच आलेक्साच्या अपराधाचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आले. चौकशी नाही, साक्ष नाही, बचाव नाही. ज्याच्या हाती पत्र, त्याच्याच हाती तलवार आणि त्याच्याच तोंडी निकाल, असा तो प्रकार होता.

अवघ्या दहा दिवसांनी, १४ फेब्रुवारी रोजी, ओराशात्स या गावी जमलेल्या सर्बांनी काराजोर्जे पेत्रोविच याला नेता निवडून उठाव पुकारला. वाल्येवो परगण्यात मातेया आणि त्याचा चुलता याकोव यांनी लोक उभे केले. सोळाव्या वर्षीच दीक्षा घेऊन पुरोहित झालेला हा तरुण आता तुकडीच्या अग्रभागी चालू लागला.

वडिलांचा असा अंत झालेल्या मुलाने सूडाची भाषा केली असती, तर कोणालाही नवल वाटले नसते. त्या काळात आणि त्या मुलुखात सूड हे कर्तव्यच मानले जाई. मातेया लढला, हे खरेच. पण वर्ष संपण्यापूर्वी त्याने जे काम हाती घेतले, ते वडिलांच्या मृत्यूला दिलेले अधिक खोल उत्तर होते.

एका जुन्या ग्रंथातून घेतलेले कायदे

उठाव यशस्वी होऊ लागला आणि परगण्यापरगण्यांतून जुनी सत्ता नाहीशी झाली. तिच्याबरोबर काझीही गेले. आता गावोगाव शस्त्रे होती, पण न्यायासन नव्हते. चोऱ्या, मारामाऱ्या, मुली पळवणे, जुनी वैरे उगवणे असे प्रकार सुरू झाले. जुलमी सत्ता हटली की समाज आपोआप सुव्यवस्थित होतो, हा समज किती भाबडा आहे, हे प्रोत्याने डोळ्यांनी पाहिले.

त्याच्याजवळ कायद्याचे शिक्षण नव्हते. सर्बियात तेव्हा विद्यापीठ नव्हते, छापखाना नव्हता, वकील नव्हता. लिहिता-वाचता येणारी माणसे बहुधा चर्चमध्येच सापडत. पण चर्चजवळ एक जुना ग्रंथ होता, ‘क्रमचिया’. तेराव्या शतकात सर्बियन चर्चचा आद्य आचार्य संत सावा याने सिद्ध केलेला हा धर्म आणि व्यवहार यांच्या नियमांचा संग्रह. त्यात बायझंटाइन परंपरेतून आलेले सम्राट जस्टिनियनचे कायदे होते, मोझेसच्या कायद्यातील अंशही होते. प्रोत्याने तो ग्रंथ उघडला, आपल्या लोकांच्या गरजेपुरती कलमे त्यातून निवडली, सोप्या भाषेत लिहून काढली आणि जमलेल्या लोकांपुढे वाचून दाखवली. खून, चोरी, मुलीचे बळजबरीने अपहरण अशा गुन्ह्यांना त्यात शिक्षा सांगितल्या होत्या. १८०४ चा हा छोटा मसुदा ‘प्रोत्याचे कायदे’ म्हणून सर्बियन विधिशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. नव्या सर्बियातील हा पहिला लिखित कायदा.

आजच्या दृष्टीने त्यातील शिक्षा कठोर वाटतात, आणि त्या कठोर होत्याच. तरीही या प्रसंगातील तीन गोष्टी मोलाच्या आहेत. पहिली, कायदा लिहिला गेला. म्हणजे तो कोणाच्या लहरीवर अवलंबून राहिला नाही. दुसरी, तो लोकांसमोर वाचला गेला. ज्यांनी तो पाळायचा, त्यांना तो आधी कळला. तिसरी, तो स्वतःच्या परंपरेतील ग्रंथातून घेतला गेला. सहाशे वर्षांपूर्वीच्या आचार्याचे नाव त्यामागे उभे असल्याने शेतकऱ्याला तो परका वाटला नाही. त्याच वर्षी वाल्येवो परगण्यात न्यायमंडळही उभे राहिले. गावातील जाणत्या माणसांनी बसून तंटे ऐकावेत आणि निकाल द्यावेत, अशी ती साधी व्यवस्था होती. पण काझी गेल्यानंतर निर्माण झालेली पोकळी तलवारीने न भरता न्यायासनाने भरण्याचा तो पहिला प्रयत्न होता.

उत्तरेचा प्रवास

दरम्यान १८०४ च्या उन्हाळ्यात चारही दाहिये मारले गेले. सुलतानाला वाटले, काम झाले, आता सर्बांनी शस्त्रे खाली ठेवून घरी जावे. सर्बांना मात्र फर्मानांची किंमत कळून चुकली होती. कोणीतरी मोठ्या सत्तेने हमी द्यावी, अशी त्यांची मागणी होती. ऑस्ट्रिया काही करत नव्हता. मग रशियाकडे शिष्टमंडळ पाठवायचे ठरले. त्यासाठी प्रोता मातेया, योवान प्रोतिच आणि पेतार चार्दाक्लिया या तिघांची निवड झाली.

सप्टेंबर १८०४ मध्ये हे तिघे नावेतून डॅन्यूबवर निघाले. रशिया कोठे आहे, किती लांब आहे, याची त्यांना नीट कल्पनाही नव्हती. गाण्यांतून ऐकलेला तो देश होता. आठवणी लिहिताना प्रोत्याने या प्रवासाची तुलना कोलंबसाच्या सफरीशी केली आहे. यात विनोद आहे तसाच अभिमानही. त्याच्या राष्ट्राचे नाव जगाला ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक करून देण्यास तो निघाला होता.

याश, कीव्ह, खार्किव, मॉस्को असा प्रवास करीत ते सेंट पीटर्सबर्गला पोहोचले. परराष्ट्र खात्याची सूत्रे तेव्हा राजपुत्र आदाम चार्तोरिस्की याच्याकडे होती. त्याने सहानुभूतीने ऐकून घेतले, पण स्पष्टही सांगितले. रशिया दूर आहे, सुलतानाशी त्याचे सख्य आहे, त्यामुळे उघड मदत शक्य नाही. मात्र सर्बांनी आपली व्यवस्थित शासनसंस्था उभारावी, म्हणजे त्यांच्याशी कोणाला बोलणी करता येतील, असा सल्ला शिष्टमंडळाला मिळाला. सैन्य मागायला गेलेला प्रोता परिषदेची कल्पना घेऊन परतला. त्या क्षणी ती देणगी तुटपुंजी वाटली असेल. काळाच्या ओघात ती फौजेपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

या प्रवासात त्याला आणखी एक धन लाभले. खार्किवच्या नव्या विद्यापीठात तेओदोर फिलिपोविच हा कायद्याचा तरुण प्राध्यापक होता. ऑस्ट्रियाच्या हद्दीतील रुमा गावचा हा सर्ब. आपल्या लोकांनी उठाव केला आहे आणि त्यांना कायदा जाणणाऱ्या माणसाची गरज आहे, हे कळल्यावर त्याने विद्यापीठातील स्थिर नोकरी सोडली आणि तो सर्बियात आला. ऑस्ट्रियातील आप्तांना आपल्यामुळे झळ पोहोचू नये म्हणून त्याने नाव बदलले. बोझिदार ग्रुयोविच या नव्या नावानेच इतिहास त्याला ओळखतो.

शासन परिषद

१८०५ च्या ऑगस्टमध्ये सर्बियाची शासन परिषद स्थापन झाली. तिचे सर्बियन नाव ‘सोवियेत’. हा शब्द ऐकताच आज रशियन क्रांती आठवते, परंतु ‘परिषद’ या अर्थाचा तो जुना स्लाव शब्द आहे आणि सर्बांनी तो बोल्शेविकांच्या शंभर वर्षे आधी वापरला. बारा परगण्यांतून प्रत्येकी एक प्रतिनिधी यावा, अशी तिची रचना होती. प्रोता मातेया तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि ग्रुयोविच पहिला सचिव. सर्बियाच्या पंतप्रधानांच्या यादीत पहिले नाव प्रोत्याचे धरले जाते, ते यामुळेच.

परिषदेला स्वतःची इमारत नव्हती. तिचा संसार बोराक गावी सुरू झाला, तेथून वोल्यावचा मठात आणि पुढे बोगोवाजा मठात गेला. स्मेदेरेवो जिंकल्यावर ती त्या शहरात आली आणि १८०७ पासून बेलग्रेडमध्ये स्थिरावली. मठाच्या ओवरीत बसलेल्या या मूठभर माणसांकडे काम मात्र मोठे होते. सैन्याचा पुरवठा पाहायचा, कर ठरवायचा, परराष्ट्रांशी पत्रव्यवहार करायचा आणि परगण्यांतील न्यायमंडळांवरचे वरिष्ठ न्यायालय म्हणूनही बसायचे. अध्यक्ष हा अशा रीतीने देशाचा मंत्रीही होता आणि न्यायाधीशही. त्या अवस्थेत ही दोन कामे वेगळी करण्याइतकी माणसेच देशात नव्हती.

ग्रुयोविचने या परिषदेसाठी स्वातंत्र्यावर एक भाषण लिहिले. सर्बियन राज्यघटनेच्या विचाराचा उगम त्यात पाहिला जातो. त्याचा आशय असा होता की, देशात पहिला स्वामी आणि पहिला न्यायाधीश कायदा असला पाहिजे. राज्यकर्ते, पुढारी, धर्मगुरू, सैन्य आणि प्रजा हे सारे त्याच्याखाली आले पाहिजेत. तिशीच्या आसपासच्या या कायदेपंडिताने हे विचार मांडले, तेव्हा त्याचे श्रोते मेंढपाळ, डुकरांचे व्यापारी आणि लढवय्ये होते. प्रोत्याने जुन्या ग्रंथातून जे शोधले आणि ग्रुयोविचने युरोपीय विद्येतून जे आणले, ते एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

उबदार खोली आणि उघडे रणांगण

पण कायदा सर्वांच्या वर आहे, हे वाक्य लिहिणे सोपे आणि सेनापतीला ऐकवणे कठीण. काराजोर्जे हा असामान्य योद्धा होता. त्याच्याशिवाय उठाव टिकला नसता. तो तितकाच तापटही होता. परिषद म्हणजे आपल्या हातांना घातलेली दोरी, असे त्याला वाटे. एक प्रसंग सांगितला जातो. परिषदेने त्याच्या मनाविरुद्ध काही ठरवले, तेव्हा त्याने सैनिकांकरवी इमारतीला वेढा घातला आणि खिडक्यांतून बंदुका आत रोखायला लावल्या. उबदार खोलीत बसून कायदे करणे सोपे आहे, पण तुर्की फौज आली तर मैदानात पुढे कोण होणार, असा त्याचा रोखठोक सवाल होता. हा सवाल खोटा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. शत्रू दाराशी असताना एकमुखी नेतृत्व लागते. दुसऱ्या बाजूला अनेक मोठ्या सरदारांना परिषद हवी होती, ती काराजोर्जेला आवरण्यासाठी. स्वतःच्या परगण्यात मात्र त्यांना कोणाचा लगाम नको होता.

काराजोर्जेची न्यायबुद्धी लहान नव्हती. त्याचा सख्खा भाऊ मारिंको याने एका मुलीवर अत्याचार केला, तेव्हा त्याने त्याला फासावर लटकवले आणि आईला उघड शोक करण्यासही मनाई केली, ही हकिकत सर्बियात घरोघर सांगितली जाते. आप्ताला सूट न देणाऱ्या नेत्याविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. तरीही प्रोता आणि ग्रुयोविच यांच्या दृष्टीने येथे एक पेच होता. नेत्याने आज भावाला फाशी दिली, ती योग्य असेल. उद्या त्याच अधिकाराने त्याने निरपराधाला फाशी दिली तर? न्याय एका माणसाच्या सद्सद्विवेकावर उभा असेल, तर तो त्या माणसाबरोबरच संपतो. न्यायमंडळ, साक्ष आणि लिखित कायदा यांचा खटाटोप त्यासाठीच करायचा असतो.

या खटाटोपाची गरज किती तातडीची होती, हे १८०७ साली दिसून आले. बेलग्रेडचा किल्ला पडला. सुलेमान पाशाला त्याच्या माणसांसह सुरक्षित बाहेर जाऊ देण्याचे वचन देण्यात आले होते. मार्चमध्ये तो बाहेर पडला आणि वाटेत त्याला त्याच्या सोबत्यांसह ठार करण्यात आले. शहरातील सामान्य मुसलमान रहिवाशांवरही विजेत्यांनी अत्याचार केले. सर्बियन उठावाच्या उज्ज्वल इतिहासावरील हा डाग आहे आणि प्रामाणिक इतिहासकार तो झाकत नाहीत. तीन वर्षांपूर्वी कोलुबारेच्या काठी न्यायाविना जे घडले, तेच आता बाजू बदलून घडले होते. दिलेला शब्द पाळायला लावणारी संस्था जागेवर बळकट नसेल, तर काल सोसलेला अन्याय आजच्या अन्यायाचे निमित्त बनतो.

ग्रुयोविच हे पाहण्यास राहिला नव्हता. १८०७ च्या जानेवारीतच त्याचा अकाली मृत्यू झाला. त्याच वर्षी प्रोत्याचे अध्यक्षपदही गेले आणि काराजोर्जेच्या विश्वासातील म्लादेन मिलोवानोविच त्या जागी आला. नेनादोविच घराण्याच्या पाठीशी एक संपूर्ण परगणा उभा होता. मनात आणले असते, तर आपल्या पदासाठी प्रोत्याला दुही माजवता आली असती. तो वाल्येवोच्या आघाडीवर परतला आणि लढत राहिला. संस्था उभारणाऱ्याने वेळ आल्यावर तिच्या आसनावरून उठावे, हाही संस्थेला बळ देणारा एक संस्कार असतो.

परिषद मात्र मोडली नाही. प्रोत्याच्या पश्चातही तिचे काम चालू राहिले. १८०८ मध्ये बेलग्रेडला ‘महाविद्यालय’ नावाची उच्च शाळा निघाली. भाषासुधारक वुक काराजिच हा तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. १८११ मध्ये परिषदेची पुनर्रचना होऊन स्वतंत्र खाती निर्माण झाली. शिक्षण, युद्ध, परराष्ट्र यांबरोबर न्याय हेही खाते झाले आणि कारभाराहून वेगळे असे वरिष्ठ न्यायालय स्थापन करण्यात आले. १८०४ च्या पोकळीपासून सात वर्षांत, तेही युद्ध चालू असताना, एवढी मजल मारली गेली.

व्हिएन्नाच्या दारांवर

१८१२ साली नेपोलियनच्या स्वारीच्या सावटाखाली रशियाने बुखारेस्टला सुलतानाशी तह केला. त्यातील आठव्या कलमात सर्बांना काही सवलती होत्या, पण रशियन सैन्य निघून गेले. १८१३ च्या शरद ऋतूत तुर्की फौजांनी सर्बिया पुन्हा जिंकला. काराजोर्जे ऑस्ट्रियात गेला, हजारो कुटुंबे नद्या ओलांडून पळाली, परिषद संपली. प्रोताही ऑस्ट्रियाच्या हद्दीत निर्वासित झाला.

१८१४ मध्ये युरोपची पुनर्रचना करण्यासाठी व्हिएन्नाला सम्राट, राजे आणि मंत्री जमले. प्रोता तेथे गेला. त्याच्यामागे राज्य नव्हते, खजिना नव्हता, दूताचा अधिकृत दर्जा नव्हता. तो अर्ज घेऊन दारोदार फिरला, सम्राट फ्रान्झपर्यंत त्याने गाऱ्हाणे पोहोचवले, त्सार अलेक्झांडरच्या दरबारी खेटे घातले. युरोपची शांतता ठरवणाऱ्यांना या लहान राष्ट्राच्या दुःखासाठी सवड नव्हती. वडिलांनी १७९१ मध्ये घेतलेला अनुभव मुलाने १८०४ मध्ये पीटर्सबर्गला आणि आता व्हिएन्नाला पुन्हा घेतला.

१८१५ च्या वसंतात मिलोश ओब्रेनोविचने ताकोवो येथे दुसरा उठाव केला. प्रोता मायदेशी परतून त्यात सामील झाला. युद्ध आणि वाटाघाटी यांचा मेळ घालून मिलोशने हळूहळू स्वायत्तता मिळवली. १८३० मध्ये सुलतानाने ती अधिकृतपणे मान्य केली. पण मिलोशचा कारभार एकतंत्री होता. १८१७ मध्ये गुप्तपणे परतलेल्या काराजोर्जेचा त्याच्याच आज्ञेने वध झाला. ज्या पहिल्या सेनापतीला कायद्याच्या चौकटीत आणण्यासाठी प्रोता झटला, त्यालाही अखेर कायद्याचे संरक्षण मिळाले नाही. कायद्याचे राज्य बलवंतालाही हवे असते. कारण बलवंत नेहमीच बलवंत राहत नाही.

पेरलेले उगवले

तरीही १८०५ चे बीज मेले नाही. १८३५ मध्ये दिमित्रिये दाविदोविचने लिहिलेली राज्यघटना लोकसभेपुढे आली. महासत्तांना ती पसंत पडली नाही आणि काही आठवड्यांतच ती मागे घ्यावी लागली. १८३८ मध्ये दुसरी घटना आली. तिच्यात राजाच्या अधिकाराला आवर घालणारी परिषद पुन्हा होती आणि तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्थाही होती. १८४४ मध्ये योवान हाजिचने ऑस्ट्रियन कायद्याच्या आधारे तयार केलेली नागरी संहिता लागू झाली. १८७८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत सर्बियाचे पूर्ण स्वातंत्र्य मान्य झाले, तेव्हा त्या राष्ट्राजवळ न्यायालये होती, संहिता होती आणि पाऊण शतकाची संसदीय परंपरा आकार घेत होती.

प्रोत्याने यातील काही पाहिले. १८४२ मध्ये काराजोर्जेचा मुलगा अलेक्सांदार गादीवर आला. त्याची पत्नी पेर्सिदा ही नेनादोविच घराण्यातील. वृद्ध प्रोता पुन्हा राज्य परिषदेचा सदस्य झाला. ज्या आसनाची त्याने मठाच्या ओवरीत स्थापना केली होती, त्याचीच प्रगल्भ अवस्था त्याला तेथे दिसली. आपल्या ब्रांकोविना गावी त्याने शाळाही उभारली. डिसेंबर १८५४ मध्ये वाल्येवो येथे त्याचे निधन झाले. ब्रांकोविनातील चर्चजवळ त्याची समाधी आहे.

अखेरच्या वर्षांत त्याने आपल्या आठवणी लिहिल्या. त्या आपल्या मुलांना उद्देशून, साध्या बोलीभाषेत सांगितलेल्या आहेत. कवी आणि लेखक असलेला त्याचा मुलगा ल्युबोमिर याने त्या प्रसिद्ध केल्या. सर्बियन गद्यातील आरंभीच्या श्रेष्ठ ग्रंथांत त्यांची गणना होते. पित्याचा मृत्यू, जुन्या ग्रंथातून काढलेले कायदे, डॅन्यूबवरची नाव हे सारे तेथे एका शेतकरी पुरोहिताच्या तोंडून ऐकायला मिळते. त्याने स्वतःचे पुतळे उभारले नाहीत. पुढच्या पिढीला हिशेब दिला.

सर्बिया आज १५ फेब्रुवारी हा दिवस राज्यदिन म्हणून साजरा करतो. जुन्या पंचांगाप्रमाणे ज्या सणाच्या दिवशी १८०४ मध्ये ओराशात्सला उठाव झाला, त्याच सणाच्या दिवशी १८३५ ची राज्यघटना स्वीकारली गेली. एकाच दिवशी शस्त्राचे आणि कायद्याचे स्मरण करण्याची ही प्रथा अर्थपूर्ण आहे. या दोन घटनांमधील एकतीस वर्षांचे अंतर ज्यांनी आपल्या आयुष्याने जोडले, त्यांत प्रोता मातेया नेनादोविच अग्रभागी आहे. वडिलांना न्याय न मिळालेल्या या माणसाने आपल्या लोकांसाठी न्यायाचे आसन मांडले. राष्ट्र स्वतंत्र होते ते पराक्रमाने. पण त्या राष्ट्रातील दुबळ्यात दुबळ्या माणसाला निर्भयपणे दाद मागता येते, तेव्हाच ते स्वातंत्र्य त्याच्या घरापर्यंत पोहोचते. प्रोत्याच्या चरित्रातून हेच शिकण्यासारखे आहे.